साडेबाराचा अंधार

छायापटाच्या नियंत्रण कक्षात डॉ. रेवती साखळकर पडद्यावरचा एक ठिपका पाहत होती. तो ठिपका म्हणजे बिबट्याची मादी. तिच्या गळ्यातला पट्टा दर मिनिटाला तिची जागा कळवत असे. दुपारी साडेबाराला सातोंड्याच्या खोऱ्यावर अंधार पडला आणि ठिपका कपारीतून निघाला.

छायापट ही केंद्राचे संचालक डॉ. मोरेश्वर पाणंदीकर यांची कल्पना. खग्रास सूर्यग्रहणात आंब्याच्या बागेतली वानरं संध्याकाळ झाली समजून कड्यावरच्या झाडांवर झोपायला परतलेली त्यांनी पाहिली होती. म्हणून त्यांनी फुग्यांना टांगलेला मैलोगणती रुंद पट खोऱ्यावर तरंगत ठेवला. रोज दुपारी तो उलगडे आणि तासभर ग्रहण लागे. कड्यावर गेलेली वानरं मग दिवसभर उतरत नसत. तीन वर्षं आंबा वाचला.

पण वानरांना झोपवणारा अंधार बिबट्याला उठवत होता. पहिल्याच वर्षी बागेत काम करणारी अनसूया बिबट्याच्या तोंडी गेली. तेव्हापासून अंधाराआधी भोंगा वाजे आणि माणसं दारं लावून घेत. या आठवड्यात एका म्हाताऱ्याला भोंगा ऐकू आला नाही. तो चौथा बळी.

पट बंद करा, असं रेवतीने संचालकांना सांगितलं.

"करू. पण एकदम नको," पाणंदीकर म्हणाले. "खरं ग्रहण चार मिनिटांचं. त्यात प्राणी फक्त फसतो. रोज त्याच वेळी फसवलं की त्याच्या शरीरातलं घड्याळच सरकतं. अंधार रोज मिनिटभर कमी करत नेऊ. दोन महिने लागतील."

"दोन महिन्यांत अजून किती जातील, सर?"

ते पडद्याकडे वळले. रेवतीला ही टाळाटाळ वाटली. अनसूयेची जाऊ सुमती हिला बरोबर घेऊन तिने घरोघरी सह्या गोळा केल्या आणि पंधरा दिवसांत बंदीचा आदेश आणला. पाणंदीकरांनी एका शब्दानेही विरोध न करता पट उतरवला.

दुसऱ्या दिवशी रेवती केंद्रात सांगून मुद्दाम सुमतीकडे गेली. तीन वर्षांत पहिल्यांदाच अंगणात भर दुपारचं ऊन होतं.

"ताई, दार उघडं ठेवू ना?" सुमतीने विचारलं.

"ठेवा. आता भीती नाही."

सुमती अंगणात वाकून आमसुलं पसरू लागली. रेवती पाणी प्यायला आत गेली. खिडकीतून तिला बाग दिसत होती. अर्धवट खाल्लेले आंबे टाकून वानरांची टोळी लख्ख उन्हात, सावकाश, कड्याकडे निघाली होती.

रेवतीच्या हातातला तांब्या पडला. ती धावत बाहेर आली तेव्हा अंगणात आमसुलं विखुरली होती आणि कुंपणापर्यंत काहीतरी ओढत नेल्याची खूण होती.

संध्याकाळी पाणंदीकरांचा फोन आला. वानरं किती वाजता निघाली, एवढंच त्यांनी विचारलं.

"बारा सव्वीसला," सवयीने ती बोलून गेली. मग तिच्या लक्षात आलं. "मादी निघालेली तुम्हाला पडद्यावर दिसली असेल."

"दिसली. मी समोरच बसलो होतो."

"मग मला फोन का नाही केलात?"

"तुम्ही त्या बाईला आत घेतलं असतं," ते शांतपणे म्हणाले. "मग मादी उन्हातही शिकार करते का, घड्याळ खरंच किती सरकलंय, ते कधी कळलं नसतं."