टेकडीकडची तार

साहेब, तुम्ही खोटं बोललात.

दरड कोसळली तेव्हा टेकडीवरच्या पेजर केंद्रात कुणीच नव्हतं, असं तुम्ही छातीठोकपणे सांगितलंत. आता खरं ऐका. यात माझ्या पदरचा एक शब्द नाही. ज्याच्यासमोर हे घडलं तो माझा मावसभाऊ, दोघा भावंडांतला धाकटा.

दरडीचा दुसरा दिवस. भर दुपार. पेजर कंपनीचं तळघर.

धाकटा तिथे शहरातलं यंत्र सांभाळायचा. त्याची थोरली बहीण टेकडीवरचं. दोन्ही यंत्रं एका तारेने जोडलेली. इकडून पेजरचा निरोप गेला, की तिकडून उत्तर यायचं, 'मिळाला'. निरोप वाटेत तुटला, तर 'पुन्हा पाठव'.

आणि पलीकडे काही उरलंच नसेल, तर... काहीच नाही.

"ताई, तुझं यंत्र तुझ्यावरच गेलंय. एकदा सांगून ऐकत नाही," तो फोनवर चिडवायचा.

"आणि तुझं तुझ्यावर. अर्धवट बोलतं!"

त्या दुपारी टेकडीचे फोन मुके होते. धाकट्याने निरोप पाठवला. 'ताई, आहेस का?'

तो यंत्रापुढे वाकून बसला.

मग पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली...

पुन्हा पाठव.

तो धडपडत जिना चढला. "सर, ताई आहे! लवकर खणायला सांगा!"

"यंत्राला उचकी लागली असेल रे," सुपरवायझर म्हणाला.

"कुणी आठवण काढली तरच उचकी लागते, सर."

बचावकाम तुमच्या हाती, म्हणून सुपरवायझरने तुम्हाला फोन लावला. "खणतायत," एवढंच तुम्ही म्हणालात.

धाकटा खाली आला. त्याने लिहिलं, 'ताई, येतोय आम्ही. धीर सोडू नकोस.'

पुन्हा पाठव.

त्याने पाठवला. परत तेच उत्तर. परत पाठवला. परत तेच. बोटं बधिर झाली, पण तो थांबला नाही.

दिवेलागणीला सुपरवायझर खाली आला. मान खाली.

"साहेबांनी खणणारी मशिनं माघारी बोलावली. केंद्र रिकामं होतं म्हणे. टेकडीची जोडणी काढून टाक."

"रिकामं? मग मला उत्तर कोण देतंय?"

"अरे बाबा, कसलं उत्तर? तार पायथ्यालाच तुटलीय. दरड आली तेव्हाच."

धाकट्याने पडद्याकडे बोट केलं.

"हे बघ," म्हणत सुपरवायझरने यंत्रामागची तार उपटली. तिचं टोक त्याच्या हातात लोंबत होतं.

यंत्रातल्या पंख्याची घरघर आपोआप थांबली...

आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

मिळाला.

सुपरवायझरच्या हातून तार गळून पडली.

'येतोय आम्ही' हा निरोप तिला पोचला होता. मशिनं माघारी वळल्यावर.

त्यानंतर त्या यंत्रावर एक अक्षर आलेलं नाही. धाकटा मात्र तिथून उठत नाही. जेवायला बोलावलं, तर म्हणतो, "ताईला येतो म्हणून सांगितलंय. ती वाट बघतेय."

परवा मीही त्याच्याशेजारी बसलो. बंद पडद्यासमोर. कुणीतरी श्वास रोखून बसलंय असं वाटत राहिलं. आम्हा दोघांखेरीज कुणीतरी.

साहेब, तिथे कुणी नव्हतं ना?

मग तिला आता काय कळवायचं, ते तुम्हीच सांगा.

उत्तर द्या.