रोहण्यातला फुकटचा पाहुणा

निकेश मला पहिल्यांदा दिसला तो आर्वीच्या बसस्टँडसमोर, माझी वांगी वेचताना. चूक माझीच होती. स्कूटीवर पोतं बांधताना सुतळी नीट आवळली नव्हती. वळणावर गाठ सुटली आणि वीस किलो वांगी रस्त्यावर घरंगळली. लोक बाजूने जात होते, आणि हा एकटा, पाठीवर बॅग घेऊन, गुडघ्यांवर बसून एकेक वांगं शर्टाला पुसत होता.

"पुसू नका," मी म्हटलं. "विकाची हायेत, ओवाळाची नाई."

तो हसला. आणि मी... खोटं कशाला बोलू, पोत्याचं तोंड धरायचं विसरूनच गेले.

"रोहण्याले जायचं होतं," तो म्हणाला. "तिथं शेतात राहायची सोय आहे म्हणे. कोणी गोपिकाबाई चालवतात."

"बाई?"

"वयस्कर असतील असं वाटलं मले."

"लय वयस्कर हायेत. बसा मांगं."

गाव येईपर्यंत मी त्याला काही सांगितलं नाही. फाटकावरच्या पाटीवर माझ्या फोटोखाली 'गोपिका' हे नाव वाचून त्याचे कान लाल झाले, तेव्हा कुठे माझं समाधान झालं.

आमचा चार एकरांचा भाजीपाला. त्याच्या बांधाला लागून मी दोन खोल्या काढल्या होत्या. मातीने सारवलेल्या, खिडकीतून थेट वांग्याचा वाफा दिसेल अशा. शहरातले लोक इथे येऊन राहतील, हे माझं खूळ. दोन वर्षांत राहिले ते फक्त आमचे नातेवाईक. म्हणून नागपूरच्या एका कंपनीकडे अर्ज केला होता. खेड्यातल्या पर्यटनात ती भांडवल घालते. त्यांचा माणूस न कळवता पाहायला येणार होता. त्यांनी नकार दिला तर अखजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, शेत मक्त्याने कसायला शेजारच्या किसनरावांकडे जाणार आणि मी सावंगीला कुठल्याशा दवाखान्याच्या काउंटरवर बसणार, असं बाबांशी ठरलं होतं. मी वाट पाहत होते पांढऱ्या गाडीची आणि जाड फायलीची. पाठीवर बॅग असलेल्या पोराची नाही.

निकेश तीन दिवस राहिला. सकाळी माझ्यासोबत वांगी तोडायचा, देठाचे काटे टोचून घ्यायचा आणि मधूनच एका वहीत काहीतरी लिहायचा.

"कविता करता काय?" मी विचारलं.

"छे. माझ्यासारख्या माणसाला यमक जुळत नाही."

"मग काय जुळते?"

त्याने वही मिटली आणि माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मी उगाचच एक कोवळं वांगं तोडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी रोडगे लावले. हे काम ते कोणाच्याच हाती देत नाहीत. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, राखेतून काढायचे, फोडून तुपात बुडवायचे, आणि पाहुणा नको म्हणेपर्यंत नाही, तर तो उठून पळेपर्यंत वाढायचे. निकेशने हौसेने राखेत हात घातला आणि बोट भाजून घेतलं. मी त्याचा हात धरून रांजणाच्या पाण्यात बुडवला. बोट केव्हाच थंड झालं असणार... मी हात सोडला नाही.

"थांबली जळजळ?" मी हळूच विचारलं.

"बोटाची थांबली," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी निघताना त्याने पाकीट काढलं, आणि घोटाळा झाला. बाबांनी त्याला पाटावर बसवलं, टिळा लावला, डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा घातला. हातात पाच किलो वांगी दिली.

"पैसे? माह्या घरी जेवले अन् पैसे देता? काऊन, आमी का हाटेल चालवून राह्यलो?"

"बाबा, बाहेर बोर्ड हाय!" मी ओरडले.

"बोर्ड तूनं लावला. जेवू मी घातलं."

निकेशचा चेहरा उतरला. मला वाटलं, संकोच. त्याला सोडायला निघाले तर अर्ध्या वाटेत, फुललेल्या पळसाजवळ, तो म्हणाला, "गोपिका, थांबव जरा. त्या कंपनीचा माणूस मीच आहे."

मी ब्रेक दाबला.

"अहवालात एक रकाना आहे, पाहुण्याकडून पैसे घेतले जातात का. मले खरंच लिहावं लागंन."

"ल्याहा नं खरं! तीन दिवस रोडगे चापले, तवा सांगता नाई आलं?"

टोपी, दुपट्टा आणि वांग्यांसकट त्याला तिथेच उतरवून मी परत फिरले. घरी येऊन वाफ्यात बसले आणि खूप रडले. राग आला होताच, पण त्याहून वाईट म्हणजे तो आवडला होता.

डोळे पुसल्यावर मात्र डोकं चालू लागलं. त्याचं खरंच होतं. असा धंदा कसा टिकणार? बाबा बदलणार नव्हते, आणि ते बदलावेत असं मलाही वाटत नव्हतं. मग पद्धत बदलायची. संध्याकाळी मी कंपनीला लिहिलं: 'पैसे आगाऊ, फोनवर, मी घेईन. पाहुणा फाटकात आल्यावर पैशाचा विषय बंद. पुढे तो बाबांचा.'

पंधरा दिवसांनी होकार आला. आणखी चार खोल्यांचा! मी पत्र तीनदा वाचलं. त्याच्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

अखजीला चार दिवस होते. मी नव्या खोल्यांसाठी चुन्याने रेघा आखत होते, तर फाटकाशी निकेश उभा.

"तपासणी?" मी कोरडेपणाने विचारलं.

"नाही. सुट्टी टाकून आलो."

"पंधरा दिवस एक फोन नाई."

"निकालाआधी केला असता तर लोक म्हणाले असते, निकेशनं काम करून दिलं. काम तुझ्या डोक्यानं झालं. मी फक्त अहवालाच्या शेवटी एक ओळ लिहिली. पुढच्या तपासणीला दुसरा माणूस पाठवा."

"काऊन?"

"इथल्या मालकिणीवर माझा जीव जडला आहे. मले आता इथले दोष दिसत नाईत."

हातातला चुना कधी सांडला, कळलं नाही. आनंद पोटात मावत नव्हता, पण मालकीण ती मालकीण.

"बुकिंग केलं काय?"

"नाही."

"मग राहता नाई येत. नियम हाय."

"किती दिवसांचं करू?"

मी काही बोलणार, तेवढ्यात विहिरीकडून बाबांची हाक आली. "कोन हाय वं गोपिका? पाहुणा आला काय?"

मी निकेशकडे पाहिलं.

"पाहुणा नाई, बाबा," मी ओरडून सांगितलं. "आपलाच मानूस हाय."

विहिरीवरची मोटार बंद झाली. मग बाबांचं खदखदून हसू ऐकू आलं.

"मंग त्याच्याकून ॲडव्हान्स घेजो नको!"

धंद्याच्या बाबतीत त्या दिवशी मी पहिल्यांदा बाबांचं ऐकलं.