कावळा नसलेल्या बेटावरचा दहावा

हवाईतल्या त्या बेटावर सगळं होतं. केळी होत्या, फणस होते, मोकाट कोंबड्या तर पायात येतील इतक्या. फक्त कावळा नव्हता.

"एकही नाही, यार," इशिता म्हणाली. ती मुंबईची, अवधूतच्याच लॅबमधली. "पिंड तू आपला कोंबडीला घाल ना."

अवधूतला हसू आलं नाही. नागपूरला बाबा गेले, आणि याच्या व्हिसाची मुदत संपलेली. दोन हजार चार सालच्या अमेरिकेतून एकदा बाहेर पडलं की परत येण्याची खात्री नव्हती. म्हणून एकुलता एक मुलगा चुनखडीच्या गुहेत चिखल चाळत बसला होता. चिखलात एका घुबडाची हाडं सापडत. लांब पायांचं, जमिनीवर चालणारं घुबड; बेटावर माणसं आली आणि ते संपलं. त्याचे पाय मोजण्यात अवधूतची दोन वर्षं गेली होती. भुताखेतांना हसणारा गडी, पण बापाच्या पिंडापुढे कसलं विज्ञान! तिकडे नंदूकाका दहावा करणार होते, तरी याला राहवेना.

दुपारी इशिता सामान आणायला गेली. त्याने गुहेच्या तोंडाशी केळीच्या पानावर भाताचा पिंड ठेवला, वर तीळ घातले आणि मागे सरला.

कोंबड्या आल्या. माना वाकड्या करून त्यांनी पिंड पाहिला आणि लगबगीने निघून गेल्या. कोंबडीने भात सोडावा?

पिंडाला कुणी शिवत नाही, म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलेला. मग घरच्यांनी एकेक शब्द देत राहायचं, नेमका तो सापडेपर्यंत.

"बाबा, थीसिस पूर्ण करीन."

काही नाही.

"डिसेंबरमध्ये आईकडे जाईन, परत इकडे येता आलं नाही तरी. तिला सांभाळीन."

वारासुद्धा पडला.

अवधूतला रडू फुटलं. त्याने डोळे मिटून हात जोडले. "तुम्हाला एकटं नाही सोडणार. इथेच राहीन तुमच्यापाशी. शपथ."

डोळे उघडले, तर पान रिकामं होतं.

सुटले बाबा! तो लहान मुलासारखा हमसून रडला. मग त्याचं लक्ष ओल्या मातीकडे गेलं.

पावलं उमटली होती. दोन बोटं पुढे, दोन मागे; घुबडाची. बेटावर आता असलेली घुबडं आखूड पायांची. हे लांब ढांगा टाकत आलं होतं.

पावलं गुहेतून बाहेर आली होती. परत गेली नव्हती.

संध्याकाळी इशिताने त्याला गावातल्या फोन बूथपाशी सोडलं आणि ती पेट्रोल भरायला गेली.

"आई, इथे मीपण पिंड ठेवला. त्याला शिवलंही काहीतरी."

"तू कशाला रे ठेवलास? काकांनी इथे पान ठेवायचा अवकाश, कावळा हजर! कुणाला शब्दसुद्धा द्यावा लागला नाही. समाधानाने गेले बाबा."

अवधूतला ती पावलं आठवली. मग मी शब्द दिला कुणाला?

"डिसेंबरमध्ये येतोस ना, राजा? घर खायला उठतं रे."

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बूथच्या काचेवर टकटक झाली. एकदाच, गुडघ्याच्या उंचीवर.

त्याने खाली पाहिलं नाही.

"आई," तो म्हणाला, "यंदा जमेलसं वाटत नाही."