लांडगा मरो

एका शिंकेला खर्च काय येतो? काहीच नाही. मिळकत मात्र रोज सकाळी ओर्नेल्लाच्या तोंडून एक ‘सालूते’, म्हणजे तब्येतीला जपा. नेवियो सुताराला हा सौदा फायद्याचा वाटला, त्यात नवल नाही.

पहिली शिंक खरी होती. मांतोव्हाच्या चौकातल्या कॉफीच्या दुकानात तो उभा होता, बाहीवर लाकडाचा भुसा. शेजारच्या अनोळखी मुलीने कपातून नजरही न उचलता त्याला आरोग्य चिंतलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र…

“आज तीन झाल्या,” महिन्याभराने ओर्नेल्ला म्हणाली. “डॉक्टरला दाखव, नाहीतर सरळ माझं नाव विचार.”

“ते माहीत आहे. पियाबाईंनी सांगितलं.”

“आपणहून नाही सांगितलं,” काउंटरमागून दुकानवाल्या पियाबाई म्हणाल्या. “यानेच विचारून विचारून डोकं खाल्लं.”

वसंत असा कॉफीत विरघळला. मग ओर्नेल्लाच्या परीक्षेचा दिवस आला. त्रिएस्तेच्या ग्रंथालयातली सरकारी नोकरी, दोन वर्षांचा अभ्यास. नेवियो स्टेशनवर पोचवायला गेला.

“जा, लांडग्याच्या तोंडात,” तो म्हणाला.

परीक्षेला निघालेल्याला तिकडे असंच म्हणतात, आणि उत्तर द्यायचं ते ‘मरो मेला’. चुकून आभार मानले की शुभेच्छा वाया, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

ओर्नेल्लाने डब्याच्या पायरीवर पाय ठेवला. मग हळूच म्हणाली, “आभारी आहे.”

“चुकलीस. लांडगा मरो म्हण.”

“चुकले नाही.” तिने स्कार्फचं टोक बोटाला गुंडाळलं. “त्रिएस्ते फार लांब आहे, नेवियो…”

आता त्याने नुसतं गप्प बसायचं होतं. दोन मिनिटं गप्प बसला असता, तर ती संध्याकाळी परतली असती, कायमची.

“माझ्यापायी नापास होशील,” तो म्हणाला, “आणि जन्मभर ऐकवशील.”

“ऐकवीनच.”

“मग म्हण.”

“आणि तू?”

“मी… खुर्च्या काय, त्रिएस्तेतही मोडतात. माझं प्रेम आहे तुझ्यावर. आता तरी म्हण.”

गाडी हलली. खिडकीतून ती इतक्या मोठ्याने “मरो मेला” म्हणाली, की फलाटावरचे पाद्रीबाबा दचकून बाजूला झाले.

ओर्नेल्लाला नोकरी मिळाली, नेवियोला ओर्नेल्ला. भुर्दंड बसला तो पियाबाईंना. दोघं त्रिएस्तेला गेल्यापासून त्यांची तीन टेबलं डुगडुगतायत, आणि नेवियो करायचा तसं एका कप कॉफीवर नवा सुतार कामाला हात लावत नाही.