डावी सीट

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. पण ही ऐकीव गोष्ट नाही. तिसगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या खुर्शीदचाचांनी हे स्वतः भोगलंय.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. भर दुपार.

चाचांचं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज आहे. त्या दिवशी वस्तीवरचा हनुमंत आपली कार भाड्याच्या ट्रॅक्टरला बांधून घेऊन आला.

"खुर्शीदभाई, ही तिसरी बॅटरी हाय. रोज सकाळी मेलेली असती."

चाचांनी आपली भरलेली बॅटरी लावली. इंजिन चालू केलं. मीटरवर चौदा व्होल्ट. म्हणजे चार्जिंग ठीक.

मग इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली आणि मीटर वायरीत जोडला. बंद गाडी कुठं करंट खाते का, ते बघायला.

काहीच नाही.

हनुमंत चहा सांगायला गेला. चाचा एकटेच उरले.

आणि मीटरवरचा आकडा... चढायला लागला.

गाडीतून आवाज आला.

टिंग... टिंग... टिंग...

बेल्ट न लावता कुणी बसलं की वाजतो ना, तो.

चाचांनी काचेतून पाहिलं. आत कुणी नव्हतं. पण ड्रायव्हरशेजारची डावी सीट... दबलेली होती.

त्यांनी घाईघाईनं बॅटरी सोडवली. उचलून फरशीवर ठेवली.

टिंग... टिंग... टिंग...

आवाज थांबला नाही.

हनुमंत परत आला. आवाज ऐकून दारातच उभा राहिला. दचकला मात्र नाही.

"हनुमंतराव, तिथं कोण बसायचं?"

तो गाडीपाशी आला.

"चांगुणा. माझी बायको. पावसाळ्यात नाग चावला तिला. उचलून हितं बसवली, दवाखान्यात न्यायला. गाडी चालूच हुईना. बॅटरी उतरलेली. धक्का माराय बी कुनी न्हाई. मी आपला चावी फिरवतोय, फिरवतोय... ती कवा गेली, कळलं बी न्हाई."

"विकून टाका ही गाडी."

"आन् तिला कुठं उतरवू?"

त्यानं दार उघडलं. आत वाकला, रिकाम्या सीटवरून बेल्ट ओढला आणि लावला.

आवाज बंद.

बेल्ट सीटला टेकायला हवा होता. तो टेकला नाही. वीतभर वरच ताणलेला राहिला...

आणि हळूहळू खालीवर होऊ लागला.

चाचा मागे सरले. हनुमंत ट्रॅक्टरला दोर बांधत होता. शेवटी चाचांनी विचारलंच, "मग बॅटऱ्या कशाला बदलताय?"

हनुमंतनं वर पाहिलं नाही.

"तिला अजून वाटतंय, आपन येळेत पोचू."

चाचांना त्यातला फॉल्ट आजवर सापडलेला नाही. हनुमंत अजून त्या वस्तीवर एकटाच राहतो, असं लोक म्हणतात.

एकटाच, म्हणतात.

मी त्या रस्त्यानं जायचं सोडलंय.