नीतूताईचं खरं नाव

गोरेगावच्या बसस्टँडवर भर दुपारी सावलीचा एकच तुकडा होता, अन् तोही एका तरुणानं बळकावलेला. डोक्याला ओला दुपट्टा गच्च बांधलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. दुर्गेश्वरीचाही अवतार तोच.

तो सरकला. "बसा. अर्धशिशी ना?"

"तुमाले कसं कळलं?"

"उनाले शिव्या देत आल्या तुमी... ओठ हालत होते."

तिला हसू आलं, अन् हसल्याबरोबर डोकं ठणकलं. तो हळूच म्हणाला, "माह्या तं डोळ्यामागं सकाळपासून सासूसुना धान कांडून राहिल्या. वरून दोघींचं भांडण."

दुर्गेश्वरीनं चष्मा काढला. हे वाक्य तिला तोंडपाठ होतं. फेसबुकवर अर्धशिशीवाल्यांचा एक गट होता. दुखणं जरा उतरलं की कुणी अंधाऱ्या खोलीतून दोन ओळी लिहायचं, कुणी गोळ्यांचं रडगाणं. तिथंच नवेगाव बांधच्या नीतूताईनं हे लिहिलं होतं. आठ महिने दुर्गेश्वरी या ताईजवळ मन मोकळं करत होती. आई दुखणं लपवून सोयरीक जमवते, मी खरं सांगते अन् पाहुणे परत फिरकत नाहीत, हेसुद्धा तिनं ताईलाच सांगितलेलं.

"तुमी... नीतूताईचे कोण?"

त्याचा चेहरा उतरला. "भाऊ. उमेंद्र. खातं नीतूचं हाय... लिवतो मीच."

"काऊन?"

"बाईचं डोकं दुखलं तं लोक बाम देतेत. माणसाचं दुखलं तं विचारतेत, काल जास्त झाली काय?"

तिचा असा संताप झाला की ठणका मागे पडला. "ताई समजून मी काय काय सांगतलं तुमाले. भेटली तं गळ्यात पडन, असंबी लिवलं."

"वाचलं ना..." तो खाली बघत म्हणाला. "चारदा वाचलं."

तिचे गाल तापले. हा माणूस तिला आवडला होता, दुपट्ट्या-चष्म्यासकट, अन् म्हणूनच ती जास्त चिडली. एसटी लागली. पायरीवर पाय ठेवून तिनं सांगितलं, "लपवणारे माह्या घरी लय हायत. सोताच्या नावानं लिवा. मंग बोलन मी."

चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी गटात आलं — "मी उमेंद्र. आजवर बहिणीच्या नावानं लिहिलं, चुकलो. ताई समजून ज्यांनी मन उघडलं, त्यांची माफी. डोकं माझंच दुखते." दोघी-तिघी चिडून गट सोडून गेल्या. मित्रांनी टिंगल केली, बांगड्या पाठवू काय म्हणाले. त्यानं एक अक्षर पुसलं नाही. दुर्गेश्वरी रोज उघडून बघायची. आठवड्यानं तिनं निरोप टाकला, "आता बोला." मग काय, दोन महिने दोघं बोलतच राहिले.

दिवाळीनंतर उमेंद्र वडिलांना, दुलीचंदांना घेऊन तिच्या घरी रीतसर पाहुणा म्हणून आला. आई अनुसयाबाईनं चहाबरोबर नेहमीचं पुढं केलं, "पोरगी धडधाकट हाय, साधा तापबी नाई कधी." दुलीचंद तरी मागे कशाला राहतील? "आमचा पोरगा तं बैलासारखा." पोरांनी आपापलं दुखणं कधीचंच चव्हाट्यावर मांडलंय, हे दोघांच्या गावीही नव्हतं.

दुर्गेश्वरी ट्रे ठेवून दुलीचंदांसमोर उभीच राहिली. "मले अर्धशिशी हाय, मामाजी. महिन्यातून आठ दिवस."

आईनं डोळे वटारले. उमेंद्रनं कप खाली ठेवला. "मले पाच."

दुलीचंद एकदा पोराकडे, एकदा पोरीकडे बघत राहिले. "अन् दोघं एकाच दिवशी पडले तं? रांधन कोण?"

"कोणीच नाई. दार लावून दोघं निजू," दुर्गेश्वरी म्हणाली. "पण खोटं सांगून मी कोणाच्याच घरी येणार नाई. पाहा, जमते काय."

दुलीचंदांनी बशीतला चहा संपवला. मग कुणाकडेही न बघता, कपाळ चोळत म्हणाले, "मलेबी हाय. तीस वर्सं झाली... याच्या मायलेबी नाई सांगतलं."

उमेंद्र बापाकडे बघतच राहिला.

"आताबी दुखून राहिलं काय?" दुर्गेश्वरीनं विचारलं.

म्हाताऱ्यानं मान डोलावली. तिनं जाऊन उन्हाकडची खिडकी लावून घेतली.