कोरसमधला तिसरा आवाज

दादाने न विचारता आईच्या रेकॉर्डी विकल्या, हे कळलं तेव्हा ती चष्म्याच्या दुकानात एका आजोबांचे डोळे तपासत होती. त्यांना खालची ओळ वाचायला सांगून ती जी निघाली, ती थेट जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात.

दारातच एकाशी टक्कर झाली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा निळा डगला, बोटांना ग्रीस... आणि काखेत आईची रेकॉर्ड!

"ती माझी आहे."

"पावती माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "अकरा वर्षं शोधत होतो. देणार नाही. ऐकायची असेल तर रविवारी माझ्या घरी या."

ती गेली – भांडायला. भिंतभर रेकॉर्डी आणि बसायला एकच खुर्ची. ती तिला देऊन तो जमिनीवर बसला आणि त्याने हळूच सुई टेकवली.

"इथे ऐका... कोरसमधली तिसरी बाई सगळ्यांच्या आधी श्वास घेते. चूक आहे ती."

तिच्या डोक्यात सणक गेली. "चूक? आईला दमा होता. ओळ मध्येच तुटू नये म्हणून ती आधीच श्वास भरून घ्यायची. कव्हरवर तिचं नावसुद्धा छापलं नाही कुणी. आणि तुम्ही चुका काढा."

तो सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवत म्हणाला, "आता नीट ऐकतो."

त्याच्यासमोर डोळे भरून आले, याचाही तिला संताप आला.

पुढचे पाच रविवार ती नवी तक्रार घेऊन गेली. चहा पाणचट. खिडकी उघडत नाही. माणसाकडे दुसरी खुर्ची नसावी? त्याने खुर्ची आणली, तर ती हलते. तो निमूटपणे पायाखाली पुठ्ठा सरकवायचा आणि खालूनच तिच्याकडे बघायचा. ती झटकन मान वळवायची – पण कान तापायचे.

सातव्या रविवारी तो दारातच उभा होता, हातात कागदात गुंडाळलेली रेकॉर्ड.

"घेऊन जा. तुमच्या आईची आहे. अडवून ठेवली, चुकलंच माझं."

हेच तर तिला हवं होतं. तरी तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हणजे आता येऊ नको?"

"तसं नाही... पण तुम्हाला यायची गरज उरली नाही."

"गरज? तुला काय कळतंय माझी गरज?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तिचं तिलाही समजलं नाही. "इतके रविवार मी काय चहासाठी येते?"

"पण तुम्ही... तू एकदाही हसली नाहीस."

"राग आला की मला हसता येत नाही. आणि तू आवडतोस – याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो."

त्याने हातातली रेकॉर्ड पुन्हा काखेत घेतली.

"मग... राग जाईपर्यंत तरी थांब."

"जाणार नाही," ती म्हणाली.

राग की ती, हे त्याने विचारलं नाही. बाजूला होऊन त्याने तिला आत येऊ दिलं.